कानपिळीच्या आधी

डॉक्टरांनी जे जे करू नका म्हणून बजावलं होतं, ते सगळं मला पहिल्याच दुपारी करावंसं वाटलं. कुशीवर झोपायचं नाही. डोक्यातून घालायचा टी-शर्ट नको, पुढून बटणं असलेला शर्टच घालायचा. हेल्मेट नको, म्हणजे बाइक बंद. खाली वाकून काही उचलायचं नाही. आणि काहीही झालं तरी कानाला हात लावायचा नाही. दोन्ही कानांच्या मागे टाके, त्यावर कापूस, त्यावर डोक्याभोवती गुंडाळलेली पट्टी, आणि त्या पट्टीच्या आत अशी खाज सुटायची की चौकटीवर डोकं घासावंसं वाटायचं. मी हॉलमधून गॅलरीत जायचो, गॅलरीतून स्वयंपाकघरात, तिथून परत हॉलमध्ये. आई म्हणायची, “बस की एका जागी. पायाला भिंगरी लागलीय का?” मी बसायचो आणि लगेच उठायचो.

आमचं घर नाशिकच्या इंदिरानगरला, दुसऱ्या मजल्यावर. आई, अण्णा आणि मी, तिघंच. अण्णा म्हणजे माझे वडील. ते एसटीत, पेठच्या गाडीवर कंडक्टर होते, आता निवृत्त आहेत. मी अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर व्हर्निअर घेऊन पार्ट मापायचे, मापात बसला तर पास, नाहीतर बाजूला काढायचा. अशा माणसाचे स्वतःचेच दोन कान पट्टीखाली झाकून त्याला स्वस्थ पडून राहा म्हणणं हा निव्वळ छळ होता.

कान मला अण्णांकडून आले. डोक्यापासून सरळ बाहेर निघालेले, वरच्या कडेला पातळ, ऊन मागून आलं की लाल दिसणारे. शाळेत मला सूप म्हणायचे, आणि गणपतीच्या दिवसांत तर विचारायलाच नको. पेठ रस्त्यावर अण्णांची ओळखच ‘कानवाला कंडक्टर’ अशी होती. सुट्टीत मी कधी त्यांच्या गाडीतून जायचो. मागच्या सीटवरून कुणीतरी ओरडायचं, “ओ कानवाले, करंजाळीचं एक द्या,” आणि अख्खी गाडी हसायची. अण्णाही हसायचे आणि तिकीट फाडायचे. मी खिडकीबाहेर बघत बसायचो. अण्णांना याचं काही वाटत नाही, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं. काही माणसांना नाही वाटत काही. मी तसा नव्हतो, एवढंच.

तरी तिशीपर्यंत मी हे कान निभावून नेले. केस वाढवून पाहिले, फोटो काढताना मान तिरकी करून पाहिली. ऑपरेशन करावं इतकं मनावर मात्र घेतलं नव्हतं. ते घेतलं साखरपुड्यानंतर.

मुलगी देवळाली कॅम्पातली, तिथल्याच एका शाळेत शिकवणारी. तिचा मोठा भाऊ तोफखान्यात हवालदार. उंच, रुंद, आणि बोलला की शेजारच्या मंगल कार्यालयात ऐकू जावं असा आवाज. साखरपुड्याचं जेवण झालं, पानं वाटली जात होती, आणि कुणीतरी त्याला म्हणालं, “मेव्हणे, लग्नात कानपिळीची तयारी ठेवा बरं का.” नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा, माझ्या बहिणीला नीट सांभाळ म्हणून दम द्यायचा आणि त्याबद्दल पोशाख घ्यायचा, ही आपल्याकडची रीत. भावाने माझ्याकडे बघितलं. एका बाजूने बघितलं, मग दुसऱ्या बाजूने. “कानपिळीचं टेन्शनच नाय,” तो म्हणाला. “कढईला असतात तसे दोन्हीकडून धरायला कान हायेत दाजींना. लय सोपं काम.”

सगळा हॉल हसला. मीही हसलो, हसावंच लागतं. पण माझी नजर तिच्याकडे गेली. तिने पदर तोंडाला लावला होता आणि तिचे खांदे हलत होते.

त्या रात्रीपासून माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र. मांडव भरलाय, व्हिडिओवाला खुर्चीवर चढलाय, कारखान्यातले सगळे पुढे येऊन उभे आहेत, आणि तो भलामोठा हात माझ्या कानाकडे येतोय. त्या हसण्याची मला इतकी धास्ती बसली की पुढच्याच आठवड्यात मी कॉलेज रोडच्या एका प्लास्टिक सर्जनकडे जाऊन बसलो. हिशेब सोपा होता. लग्नाला अजून बराच अवकाश होता. शिवाय थंडी सुरू झालेली, अर्धं नाशिक कानटोपी घालून फिरतं, माझी पट्टी कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही. लग्नात सगळे कान शोधतील आणि कान आपले गुपचूप डोक्याला चिकटून बसलेले असतील. तिला मी काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय, तू हसलीस म्हणून?

घरी मात्र सांगावं लागलं. आईने आधी डोक्याला हात लावला, मग हळद घालून दूध कधीपासून द्यायचं ते विचारलं. अण्णा चष्मा पुसत बसले. शेवटी म्हणाले, “फार दुखतं का रे त्यात?” मी म्हणालो, भूल देतात. ते बरं म्हणाले आणि पिशवी घेऊन भाजी आणायला निघून गेले. त्यांना राग आला असणार, असं मी धरून चाललो. आपल्याकडून आलेले कान पोराला नकोत, हे कुठल्या बापाला बरं वाटेल? ऑपरेशननंतरही ते त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. पट्टी निघाल्यावर रोज संध्याकाळी मलम लावायचं काम मात्र आपणहून करायचे. कानामागे टाके कसे आहेत ते चष्मा लावून नीट बघायचे, आणि “बसलाय छान,” एवढंच म्हणायचे. त्यांचं ते बघणंही मला टोचायचं.

पट्टी जाऊन डोक्याभोवती रुंद इलॅस्टिकचा बँड आला तेव्हा माझी आणखीच पंचाईत झाली, कारण बँड काढता येत होता. आई देवळात गेली की मी आरशापुढे. कान सुजलेले, जांभळे, कडेला पिवळट. उजवा जास्त बाहेर वाटायचा. मग डावा वाटायचा. एकदा मी सरळ व्हर्निअर काढला आणि दोन्ही बाजूंची मापं घेतली. फरक निघाला. डॉक्टरांना फोटो पाठवला, मापांसकट. त्यांचं उत्तर आलं, ‘सूज उतरू द्या. कृपया मोजू नका.’ मी दिवसभर नाही मोजलं. संध्याकाळी मोजलं.

जेवणाचीही तीच तऱ्हा. चावताना कानाच्या बुडाशी ओढ बसायची. रविवारी अण्णा मिसळ घेऊन आले, दोघांनी माझ्यासमोर ताव मारला आणि मी रश्शात पाव भिजवून गिळत बसलो. फरसाणाचा कुरकुर आवाज ऐकूनच माझं डोकं उठलं.

आईने शेजारपाजारी काय सांगायचं ते माझ्याशी ठरवून घेतलं होतं. कानाचं ऑपरेशन झालं, बस्स. खोटं नाही आणि खरंही नाही. मी कारखान्यातही हेच सांगितलं. त्यात काही चुकतंय असं दोघांपैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू बघायला आल्या आणि माझ्या तोंडाजवळ तोंड आणून ओरडल्या, “आता बरं येतं का ऐकायला?” मी म्हणालो, काकू, येतं. त्या आईला म्हणाल्या, “अंदाजाने बोलतोय बिचारा.” साहेबांचा फोन आला तर तेही ओरडून बोलले, मशीनशॉपच्या आवाजानेच झालं असणार म्हणाले, आणि पुढचं सगळं मेसेजवर कळवायला लागले. मला राग यायचा, पण खुलासा करायचा म्हणजे कान का कापले ते सांगणं आलं. मी ओरडणं ऐकून घेतलं.

याच सुमारास तिचे फोन कमी झाले. आधी रोज रात्री जेवण झाल्यावर तिचा फोन यायचा. मी कानाला थोडं इन्फेक्शन झालंय म्हणून थाप मारली होती, तर सुरुवातीला ती काळजीने विचारायची. मग एक दिवस फोनवर एकदम म्हणाली, “तुम्हाला माझं बोलणं नीट ऐकू येतं ना?” मी म्हणालो, रेंज कमी असेल. त्यानंतर तिचा फोन आलाच नाही, मी केला तर घरात पाहुणे आहेत म्हणायची. मी गॅलरीत चकरा मारायचो. हिला कळलं की काय? कुणी सांगितलं? आता ही काय म्हणेल? हातातला फोन दर मिनिटाला बघायचा आणि बँडखाली बोट घालून खाजवायचं, एवढा एकच उद्योग मला उरला.

त्यात तिच्या वडिलांनी लग्न अलीकडे घेण्याचा निरोप पाठवला. भावाची सुट्टी बदलून अलीकडे आली होती. आधीचा मुहूर्त धरला तर तो नसणार, म्हणून अलीकडचा मुहूर्त बघितला होता. अण्णांनी मला न विचारताच होकार देऊन टाकला. मी कॅलेंडरपुढे उभा राहिलो. डॉक्टरांनी कान ओढला जाऊ नये म्हणून जी मुदत दिली होती, ती संपायच्या आत लग्न. आतले टाके सुटले तर पुन्हा सगळं पहिल्यापासून, हे त्यांनी दोनदा सांगितलं होतं. ज्या हाताला चुकवायला हे सगळं केलं, तोच हात आता कच्च्या कानावर पडणार होता.

आणि दोन दिवसांनी तो हात दारात उभा. भाऊ एकटाच आला होता, पेरूची पिशवी घेऊन. मुहूर्ताचं बोलायचंय म्हणाला. मी बँडवर कानटोपी चढवली आणि सोफ्यावर बसलो. अण्णा खुर्चीत पेपर वाचत होते, आई स्वयंपाकघरात होती. पण हा माणूस मुहूर्ताचं काही बोलेना. उठला, गॅलरी बघतो म्हणाला आणि माझ्या पाठीमागे जाऊन उभा राहिला. थोड्या वेळाने मागून आवाज आला, “दाजी, चहा घ्यायचा का?” त्याच्या मते तो आवाज हळू होता. आतून आईने उत्तर दिलं, “ठेवलाय, ठेवलाय.” मग माझ्या पाठीमागे किल्ल्यांचा जुडगा फरशीवर पडला. मी वळून बघितलं. तो खाली न बघता माझ्या तोंडाकडे बघत होता.

“काय तपासताय तुम्ही?” मी विचारलं.

तो समोर येऊन बसला. “सरळच बोलतो. तुम्हाला कमी ऐकू येतं ना? बाजारात सगळ्यांना माहीत झालंय. तुमच्या समोरच्या काकूंची बहीण आमच्या गल्लीत राहती. बहिरेपणाचं ऑपरेशन झालं म्हणाली, पोरीकडच्यांना सांगितलं नाय म्हणाली.” मी तोंड उघडलं, पण त्याने हात वर केला. “आधी ऐका. माझ्या या डाव्या कानाने मला धड ऐकू येत नाय. तोफेच्या शेजारी वर्षं काढली. त्यात लाज कसली? आमची पोर तर म्हणती, ऐकू नसलं तरी मी लग्न करते. पण लपवलं का, म्हणून रडत बसलीय घरात.”

खरं सांगतो, क्षणभर मला बहिरा ठरणं परवडेल असं वाटलं. बहिऱ्याची निदान कीव करतात. पण ती रडतेय हे ऐकल्यावर माझा धीर सुटला. मी कानटोपी काढली, बँड काढला आणि त्याच्याकडे पाठ करून टाके दाखवले. कान मागे घेतलेत, म्हणालो. ऐकू मला पाल चुकचुकलेलीही येते.

मी वळलो तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. “चांगला ऐकू येणारा कान,” तो म्हणाला, “दिसायला बरा दिसावा म्हणून कापून घेतला?” त्याचा हात आपल्या डाव्या कानावर गेला होता. मग एकदम म्हणाला, “माझ्या त्या कढईवरून?”

नाही म्हणावं असं तोंडापर्यंत आलं होतं. “हो,” मी म्हणालो. “त्यावरूनच.”

तो अण्णांकडे वळला. “अण्णा, तुम्ही काय बोलला नाय याला?”

“मी काय बोलू?” अण्णा म्हणाले. “कान त्याचे आहेत.” आणि त्यांनी पेपरचं पान उलटलं.

रात्री तिचा फोन आला. मी हॅलो म्हणायच्या आधीच ती म्हणाली, “तुम्ही सांगितलं असतं तर मी नको म्हटलं असतं का?” मी गॅलरीत जाऊन दार ओढून घेतलं. “मी त्या कानांकडे बघून होकार दिला नव्हता. नकारही दिला नसता. माझं लक्षच नव्हतं तिकडे, ते त्या दिवशी गेलं.” मी म्हणालो, तू हसलीस. ती म्हणाली, “सगळे हसत होते म्हणून हसले. चुकलं माझं. पण तुम्ही मला बहिऱ्याची बायको करून ठेवलंत बाजारात, त्याचं काय?” मी माफी मागितली. ती लगेच निवळली नाही, दोन-तीन दिवस टोमणे मारले. पण फोन रोज यायला लागला. कानपिळीचं तिने भावाशी बोलून ठरवलं की तो कानाला नुसतं बोट लावेल, पिळल्यासारखं करेल, संपलं. मी सुटलो असं मला वाटलं.

लग्न पंचवटीतल्या एका कार्यालयात झालं. फेटा बांधणाऱ्याला मी कानावर दाब देऊ नको म्हणून इतक्यांदा सांगितलं की तो वैतागला. लाजाहोम झाला आणि गुरुजींनी नवरीच्या भावाला पुढे बोलावलं. तसा मांडव जागा झाला. कारखान्यातले पुढे आले. तिचे मामेभाऊ ओरडायला लागले, “नीट पिळ, सोडू नको.” व्हिडिओवाला म्हणाला, साहेब, जोरात, नुसतं टेकवलेलं दिसत नाही. भावाने हात पुढे केला आणि मी, सगळं ठरलेलं असताना, मान मागे घेतली. मला आवरलंच नाही. हशा पिकला. घाबरला, घाबरला. भावाचा हात तसाच राहिला. आता बोट लावलं तर लोक ऐकणार नाहीत आणि पिळला तर टाके जातील, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

तेवढ्यात माझ्या मागे बसलेले अण्णा उठले. त्यांनी आपला फेटा वर सरकवला, कान मोकळा केला आणि त्याच्यापुढे वाकून उभे राहिले. “त्याचा दुखरा आहे,” ते म्हणाले. “हा धर. कान एकाच घरातले आहेत.”

आता मात्र मांडव कोसळायचा बाकी राहिला. पेठच्या गाडीतलं हसू मला पुन्हा ऐकू आलं, फक्त कितीतरी मोठं. भाऊ गोंधळला, मला वाटतं त्याला ते नको होतं, पण सगळे ओरडत होते. त्याने अण्णांचा कान धरला. “पिळ, पिळ,” अण्णा म्हणाले, “मला सवय आहे.” पुन्हा हशा. त्याने पिळला. अण्णाही हसत होते, दरवेळेसारखेच. माझ्या शेजारी ती हसत नव्हती. तिने माझा हात घट्ट धरला होता, आणि मला अण्णांकडे बघवत नव्हतं. मला ज्याची भीती होती ते सगळं झालं होतं, पण ते माझ्या वाट्याला आलं नव्हतं.

लग्नानंतर डॉक्टरांकडे शेवटचं दाखवायला जायचं होतं. अण्णा म्हणाले, मी येतो बरोबर. त्यांना यायचं काही कारण नव्हतं. डॉक्टरांनी दोन्ही कान तपासले, टाके छान भरलेत म्हणाले, आता हेल्मेट घाला, कुशीवर झोपा, काहीही करा. मी उठलो. अण्णा खुर्चीतून उठले नाहीत.

“डॉक्टर,” त्यांनी विचारलं, “याला वयाची काही अट असते का?”

“तशी नाही,” डॉक्टर म्हणाले. “कुणाचं करायचंय?”

अण्णांनी माझ्याकडे बघितलं आणि पिशवी उचलली. “नाही, कुणाचं नाही,” ते म्हणाले. “असंच विचारलं.”